पेट्रोल की बॅटरी : घरासाठी स्नोब्लोअर निवडताना

अमेरिकेच्या ईशान्य राज्यांत, पंचमहासरोवरांच्या काठच्या शहरांत आणि कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अपार्टमेंटमध्ये असेपर्यंत बर्फ काढण्याची चिंता नसते, कारण ते काम इमारतीचे व्यवस्थापन पाहते. स्वतंत्र घर घेतले की ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गराजपर्यंतची गाडीची वाट, आणि अनेक गावांत घरासमोरचा पदपथसुद्धा आपल्या अंगावर येतो. बॉस्टन शहराच्या नियमाप्रमाणे हिमवृष्टी थांबल्यापासून तीन तासांत पदपथ मोकळा करावा लागतो आणि बर्फ रात्री पडला असेल तर ही मुदत सूर्योदयापासून मोजतात. सकाळी कामावर निघण्यापूर्वी एवढा बर्फ फावड्याने उपसणे नुसते वेळखाऊ नाही, तर धोक्याचेही आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, जड फावडे उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, रक्तदाब एकदम चढतो, आणि म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन या कामाबद्दल वेळोवेळी सावध करत आली आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेने कमी वयात दिसतो हे लक्षात घेतले, तर चाळिशी ओलांडलेल्या आपल्या माणसाने स्नोब्लोअरवर, म्हणजे बर्फ उचलून बाजूला फेकणाऱ्या यंत्रावर, केलेला खर्च चैनीचा मानू नये. यंत्र ढकलतानाही श्रम पडतातच, पण ते फावड्यापेक्षा पुष्कळ कमी असतात.

दुकानात गेल्यावर पेट्रोलची आणि बॅटरीची यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि बहुतेक जण विक्रेत्याला एकच प्रश्न विचारतात की जास्त ताकद कशात आहे. याचे उत्तर सोपे आहे, ताकद पेट्रोलच्या इंजिनात जास्त असते; परंतु त्या उत्तरावरून निवड होत नाही. माझ्या मते दोन गोष्टी पाहाव्यात. हिवाळ्यातल्या सर्वांत वाईट सकाळी आपल्या ड्राइव्हवेवर नेमके किती वजन हलवायचे आहे, ही एक. आणि वर्षाचा उरलेला सगळा काळ हे यंत्र गराजमध्ये पडून असताना त्याचे काय होते, ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा थोडाफार विचार लोक करतात, दुसरीचा जवळजवळ कोणीच करत नाही.

इंधनाच्या आधी यंत्राची जात ठरवावी लागते. सिंगल स्टेज यंत्रात रबरी कडांचे एकच फिरते पाते असते. ते जमिनीला घासत बर्फ उचलते आणि त्याच झटक्यात वर वळलेल्या नळकांड्यातून बाहेर फेकते. हे यंत्र हलके असते, डांबर किंवा काँक्रीट अगदी स्वच्छ करते, आणि सात-आठ इंचांपर्यंतच्या मोकळ्या बर्फाला पुरते. खडी पसरलेल्या ड्राइव्हवेवर मात्र ते चालवू नये, कारण पाते जमिनीला टेकत असल्याने बर्फाबरोबर खडेही उडतात. टू स्टेज यंत्रात पुढचे दातेरी लोखंडी पाते, ज्याला ऑगर म्हणतात, बर्फ फोडून मध्यभागी ओढते आणि मागचा पंखा तो वेगाने फेकतो. चाके स्वतःच्या बळावर पुढे जातात आणि खालच्या पट्ट्या वरखाली करून पाते जमिनीपासून उचलून ठेवता येते. रस्त्यावरचा बर्फ फेकणारे यंत्र क्यूबेकमध्ये आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये बनवले होते, आणि हाताने धरून चालवायचे टू स्टेज यंत्र विस्कॉन्सिनच्या एरियन्स कंपनीने १९६० मध्ये आणले. तेव्हापासून पाते आणि पंखा यांची मूळ रचना फारशी बदललेली नाही. बॅटरीच्या यंत्रातही तीच आहे, फक्त इंजिनाच्या जागी मोटर आली आहे. त्यामुळे ज्या अंगणाला टू स्टेज यंत्र लागते तिथे सिंगल स्टेजची गैरसोय कोणतेही इंधन भरून काढू शकत नाही.

आता वजनाचा हिशेब करू. दोन गाड्यांचा सर्वसाधारण ड्राइव्हवे २० फूट रुंद आणि ४० फूट लांब धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७५ चौरस मीटर होते. त्यावर आठ इंच, म्हणजे २० सेंटीमीटर, बर्फ पडला तर तो १५ घनमीटर भरतो. कडक थंडीत पडलेला कोरडा, पिठासारखा बर्फ घनमीटरला १०० किलो किंवा त्याहूनही कमी वजनाचा असतो. म्हणजे एकूण दीड टन. तापमान शून्याच्या आसपास असताना पडलेला ओला बर्फ घनमीटरला ३०० किलोपर्यंत सहज जातो, आणि मग त्याच ड्राइव्हवेवरच्या त्याच आठ इंचांचे साडेचार टन होतात. हवामानाचा अंदाज इंचांत सांगितला जातो, परंतु यंत्राचा संबंध टनांशी असतो, म्हणून ‘अमुक इंचांपर्यंत चालते’ हा जाहिरातीतला दावा वाचताना बर्फ कोणता हे विचारले पाहिजे.

याहून अवघड भाग ड्राइव्हवेच्या तोंडाशी असतो. नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारी गाडी, रस्ता साफ करत जातो तेव्हा बाजूला सारलेल्या बर्फाचा बांध आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडावर आडवा पडतो. हा बर्फ दाबलेला असतो, त्यात रस्त्यावरचे मीठ, पाणी आणि गोठलेले ढेकूळ मिसळलेले असतात. सहा मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच अशा बांधात तीन घनमीटर माल असतो, आणि घनमीटरला ४०० किलो धरले तरी त्याचे वजन १.२ टन होते. संपूर्ण ड्राइव्हवेवर पडलेल्या कोरड्या बर्फाच्या वजनाच्या जवळपास येणारा हा आकडा केवळ एका अरुंद पट्ट्यात साठलेला असतो. शिवाय हलवलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटत जातात, त्यामुळे सकाळी सातला पडलेला बांध दुपारी विटेसारखा घट्ट होतो. कोणतेही यंत्र हार खाते ते इथेच, आणि यंत्राची खरी परीक्षाही इथेच होते.

या कामाला लागणारी ऊर्जा कुठून येते ते पाहिले की दोन्ही पर्यायांतला फरक स्पष्ट होतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ किलोवॉट-तास ऊर्जा साठलेली असते. छोटे इंजिन तिचा जेमतेम पाचवा भाग कामाला लावते आणि बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया घालवते, तरीही दर लिटरमागे पावणेदोन किलोवॉट-तासांच्या आसपास काम हाती लागते. बॅटरीवरच्या टू स्टेज यंत्रांत अनेकदा ५६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसवतात. प्रत्येकी ७.५ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार ४२० वॉट-तास येतो, आणि दोन्ही मिळून ८४० वॉट-तास होतात. विजेची मोटर ऊर्जा फारशी वाया घालवत नाही हे खरे, तरीसुद्धा दोन्ही भरलेल्या बॅटऱ्या मिळून जे काम करतात ते अर्ध्या लिटरहूनही कमी पेट्रोलमध्ये होते. पेट्रोल संपले तर टाकी दोन मिनिटांत भरता येते. बॅटऱ्या उतरल्या तर त्या भरायला सहसा एक तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर अर्धवट साफ केलेल्या ड्राइव्हवेकडे पाहत बसावे लागते.

हा हिशेब वाचून बॅटरीचे यंत्र कुचकामी वाटेल, पण तसे अजिबात नाही. मोटरने सरासरी दोन किलोवॉट खेचले तर ८४० वॉट-तास पंचवीस मिनिटे पुरतात, आणि हलक्या बर्फात सरासरी याहून बरीच कमी राहते. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे सहा इंच कोरड्या बर्फातून मोकळा करायला तेवढा वेळ बहुधा पुरेसा होतो. अडचण ओल्या बर्फाची आणि बांधाची आहे. मोटरवर भार वाढला की ती जास्त प्रवाह खेचते, आणि तारांत व बॅटरीत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर तोटा चौपट होतो. त्यामुळे जड कामात बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरते, आणि फार ताण आला तर यंत्रातले नियंत्रक सर्किट मोटर वाचवण्यासाठी ती बंद करते. पेट्रोल इंजिनात वेग राखणारा गव्हर्नर भार वाढताच जास्त इंधन सोडतो, इंजिन घरघरते पण पुढे जात राहते.

बॅटरी वापरणाऱ्याने दोन सवयी लावून घ्याव्यात, त्यांनी पुष्कळ फरक पडतो. पहिली म्हणजे बॅटरी भरलेली असताना आधी तोंडाशी पडलेला बांध फोडावा आणि मग आतल्या मोकळ्या बर्फाकडे वळावे. दुसरी फेकीच्या वेगाची आहे. बर्फाला दिलेली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून फेकीचा वेग निम्मा केला तर तेवढ्याच बर्फाला फेकण्यावर पाव ऊर्जा लागते. हिरवळ शेजारीच असेल तर बर्फ तीस फूट उडवण्याची गरज नसते. अनेक बॅटरी यंत्रांत ऑगरचा वेग कमी-जास्त करण्याची सोय असते आणि ती वापरणे फायद्याचे आहे.

थंडीचा परिणाम दोघांवरही होतो, पण निरनिराळ्या रीतीने. लिथियम-आयन बॅटरीतले द्रावण थंडीत दाट होते, आतला विरोध वाढतो आणि भाराखाली व्होल्टेज कोसळते. उणे २० अंश सेल्सियसला हाताशी येणारी ऊर्जा पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक घटू शकते. यावर उपाय सोपा आहे. यंत्र गराजमध्ये राहू द्यावे, बॅटऱ्या मात्र घरात ठेवाव्यात आणि काम सुरू करतानाच बसवाव्यात. चालू असताना त्या स्वतःच्याच उष्णतेने उबदार राहतात. गोठणबिंदूखाली गेलेली बॅटरी भरायला लावणे मात्र पूर्णपणे टाळावे, कारण त्या स्थितीत लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचते आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते. चांगले चार्जर थंड बॅटरी भरायला सुरुवातच करत नाहीत. चार्जर बिघडला असे समजून काही जण तो बदलून आणतात, तेव्हा खरी गरज बॅटरी तासभर घरात ठेवण्याची असते. पेट्रोल इंजिनात थंडीने तेल घट्ट होते आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढताना खांदा दुखतो; तेथे हलके सिंथेटिक तेल आणि भिंतीतल्या विजेवर चालणारा स्टार्टर उपयोगी पडतो.

आता पडून राहण्याचा प्रश्न. न्यू जर्सी, फिलाडेल्फिया किंवा वॉशिंग्टनच्या उपनगरांत मराठी वस्ती मोठी आहे, आणि तिथे यंत्र बाहेर काढावे असा बर्फ वर्षाकाठी मोजक्या वेळा पडतो. एखादा हिवाळा जवळजवळ कोराच जातो. अशा ठिकाणी पेट्रोलचे यंत्र कामाने झिजण्याआधी रिकामे राहून बिघडते. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारणपणे दहा टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषते. पेट्रोलचा हलका भाग काही महिन्यांत उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. कार्बुरेटरमधून इंधन ज्या छिद्रातून जाते ते सुईच्या टोकाएवढे बारीक असते. तिथे राळ बसली की इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते. हा दोष उघड होतो तो पहिल्या मोठ्या हिमवृष्टीच्या सकाळी, आणि त्या आठवड्यात दुरुस्तीच्या दुकानांत यंत्रांची रांग लागलेली असते. हे टाळता येते. हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडे चालवावे, किंवा टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बुरेटर कोरडा करावा. शक्य असेल तिथे इथेनॉल नसलेले पेट्रोल वापरावे, दरवर्षी तेल बदलावे आणि स्पार्क प्लग पाहावा. ज्याला गाडीच्या बॉनेटखाली हात घालायची सवय आहे त्याला हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत मात्र मार्च संपला की यंत्र कोपऱ्यात ढकलले जाते आणि डिसेंबरपर्यंत त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. अशा घरांनी बॅटरीचेच यंत्र घ्यावे, असे मी ठामपणे सांगेन. बॅटरीला उन्हाळ्यासाठी एवढेच पुरते की ती अर्धवट भरलेली असावी आणि थंड, कोरड्या जागी ठेवलेली असावी.

बॅटरीही अमर नसते. वापरली नाही तरी वर्षागणिक तिची क्षमता घटते, आणि बदलायची वेळ आली की एकेका मोठ्या बॅटरीला शेकडो डॉलर मोजावे लागतात. मूळ किमतीतही फरक आहे. सिंगल स्टेज यंत्रे दोन्ही प्रकारांत साधारण ५०० ते १,००० डॉलरच्या पट्ट्यात मिळतात. २४ इंच रुंदीचे पेट्रोलचे टू स्टेज यंत्र बहुधा १,००० ते १,५०० डॉलरला पडते, तर त्याच रुंदीचे बॅटरीचे यंत्र बॅटऱ्यांसकट १,५०० ते २,५०० डॉलरपर्यंत जाते. त्याच कंपनीचे गवत कापायचे यंत्र आणि पाने उडवायचा ब्लोअर घरात आधीपासून असेल आणि त्यांच्या बॅटऱ्या इथे चालत असतील, तर बॅटऱ्यांशिवायचे यंत्र घेता येते आणि हा फरक बराच कमी होतो. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात सहसा बसत नाही, म्हणून पहिली बॅटरी घेतानाच आपण पुढच्या आठ-दहा वर्षांचा पुरवठादार निवडत असतो.

आवाज आणि धूर यांत बॅटरी उघडपणे सरस आहे. पेट्रोलच्या यंत्राचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, म्हणून कानाला संरक्षण लावूनच ते चालवावे. पहाटे पाचला ते सुरू केले तर शेजाऱ्यांची झोपही मोडते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि वासहीन असतो, त्यामुळे दार उघडे असले तरी पेट्रोलचे यंत्र गराजमध्ये चालू करू नये. भारतातून आलेले आई-वडील आणि लहान मुले घरात असतील, तर गराजला लागून असलेल्या खोलीत हा वायू शिरू शकतो याची जाणीव हवी. या बाबतीत बॅटरीच्या यंत्राने घरातली एक काळजी कायमची कमी होते.

वीज जाण्याचा मुद्दा अनेकांना आधी सुचतो. ओल्या बर्फाने फांद्या मोडून तारांवर पडतात आणि तासन्‌तास वीज जाते, तेव्हा चार्जरचा उपयोग नसतो. वादळाच्या आदल्या रात्री बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या असतील तर निदान एक फेरी नक्की होते. जिथे वादळ दोन-तीन दिवस चालते आणि दर काही तासांनी फेरी करावी लागते, तिथे मात्र पेट्रोलच विश्वासाचे.

असा भाग म्हणजे सरोवरांचा हिमपट्टा. हिवाळ्याच्या सुरुवातीला उबदार असलेल्या सरोवरावरून अतिथंड वारा वाहतो, वाटेत बाष्प उचलतो आणि पलीकडच्या काठावर ते बर्फाच्या रूपाने ओततो. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत काही दिवसांत पाच फुटांहून अधिक बर्फ पडला होता, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क येथे सहा फुटांहून अधिक. बफेलो, सिरॅक्यूज, किंवा ओंटारियोतील बॅरीच्या आसपास घर असेल, ड्राइव्हवे शंभर फुटांहून लांब असेल, अथवा रस्त्याचा बांध दर वेळी कमरेपर्यंत येत असेल, तर २६ ते २८ इंच रुंदीचे पेट्रोलचे टू स्टेज यंत्र घ्यावे आणि त्याची देखभाल मनावर घ्यावी. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, शिकागोची उपनगरे आणि न्यू जर्सी येथील दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेला बॅटरीचे टू स्टेज यंत्र पुरते. पदपथ आणि एका गाडीची जागा एवढेच काम असेल तर सिंगल स्टेजही पुरेल. बॉस्टनबद्दल मात्र माझे मत सरळ नाही. तिथे बहुतेक हिवाळे बॅटरीच्या आवाक्यातले असतात, परंतु २०१४-१५ च्या हिवाळ्यात शहरात १०० इंचांहून अधिक बर्फ पडला आणि त्यातला बराचसा काही आठवड्यांत आला. तिथे बॅटरीचे यंत्र घेणाऱ्याने बॅटऱ्यांची दुसरी जोडी घेऊन ठेवावी.

यंत्र कोणतेही असले तरी एक धोका सारखाच आहे. ओला बर्फ नळकांड्यात अडकतो आणि माणूस घाईने हात आत घालतो. बोटे तुटण्याचे अपघात असेच होतात, आणि इंजिन बंद केल्यावरसुद्धा होतात, कारण पंखा फिरवणाऱ्या पट्ट्यात आणि अडकलेल्या पंख्यात ताण साठून राहिलेला असतो. अडथळा सुटताच पंखा झटक्यात फिरतो. इंजिन बंद करून, किंवा बॅटरीच्या यंत्रातून बॅटऱ्या बाहेर काढून, पाती थांबेपर्यंत वाट पाहावी आणि यंत्राबरोबर मिळणाऱ्या दांड्यानेच बर्फ मोकळा करावा. बर्फाखाली दडलेले वर्तमानपत्र किंवा पायपुसणे ऑगरमध्ये गुंतले तर शिअर पिन तुटते. ही पिन मुद्दाम कमजोर बनवलेली असते, म्हणजे ती तुटून गिअरबॉक्स वाचतो. तिच्या जागी घरातला साधा बोल्ट बसवला तर पुढच्या वेळी गिअरबॉक्सच जातो, म्हणून त्याच मॉडेलच्या दोन-चार पिना हँडलजवळ डबीत ठेवाव्यात.

खरेदी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी. पहिल्या वादळाचा अंदाज जाहीर झाला की दुकानांतली चांगली मॉडेल संपतात आणि उरलेल्यांतून निवड करावी लागते. यंत्र घरी आल्यावर बर्फाची वाट न पाहता ते कोरड्या ड्राइव्हवेवर एकदा सुरू करून पाहावे, नळकांडे दोन्ही बाजूंना वळते का, टू स्टेज यंत्राची चाके मागे-पुढे जातात का आणि खालच्या पट्ट्या योग्य उंचीवर आहेत का हे तपासावे, आणि घरात यंत्र चालवणारी माणसे एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाला ते बंद कसे करायचे हे त्याच दिवशी दाखवून ठेवावे.